विहिरीतला दिवा आणि नानांची नळी

“नाना गेले,” एवढंच पुतण्या फोनवर बोलला. मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. तशाच हातांनी डोळे पुसले, आणि मग काय विचारता! जाता जाताही नानांनी माझी खोडी काढलीच. धाकटे दीर माझे. आता दीड महिना होईल.

साठच्या दशकात मी नवी सून म्हणून खानदेशातल्या कोरीटला आले, तेव्हा नाना मुंबईच्या एका प्रयोगशाळेत तारा जोडायच्या कामावर होते. एकदा सुट्टीला आले ते कापसात गुंडाळलेली काचेची जाडजूड नळी मांडीवर घेऊनच. हिला काजव्याहून कितीतरी मंद उजेड दिसतो, म्हणाले. न्यूट्रिनो नावाचा एक कण पृथ्वीच्या आरपार जातो म्हणे, कुणाला पत्ताही लागत नाही. खोल पाण्यात क्वचित एखादा अडखळला तर निळसर चमक उठते, ती ही नळी टिपणार. मी म्हटलं, असा पाहुणा बरा, चहासुद्धा ठेवावा लागत नाही. नाना हसले, पण त्यांचा जीव टांगणीला होता. पाण्यात नळी चालवून दाखवली तर साहेब त्यांना संशोधनाच्या कामात घेणार होते. जळाली तर दुसरी मिळणार नव्हती. आणि सासरे तर नानांना कपाशीच्या कामाला जुंपायला टपूनच बसले होते.

नानांनी काचेचं तोंड असलेल्या डब्यात नळी बसवली, सांधे मेणानं बुजवले आणि भर दुपारी डबा दोरानं विहिरीत सोडला. विहिरीवर ताडपत्र्या, पोती, वरून माझी संक्रांतीची काळी चंद्रकळा! उजेडाचा कण पडला की कानाला लावायच्या यंत्रात टिक वाजायची. बॅटऱ्या जोडल्या मात्र, लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट. नानांनी झटकन तार उपटली. डब्यात पाणी शिरलं असणार, म्हणत दोर ओढायला लागले. डबा वर काढून पाहिला, तर आत कोरडा ठणठणीत. मग उजेड आला कुठून?

आमच्याकडे विहिरीत नवं काही सोडायचं तर आधी हळदकुंकू आणि दिवा. सकाळी मीच विहिरीच्या आतल्या कोनाड्यात तुपाचा दिवा ठेवला होता... उन्हात तो कुणाला दिसतोय! कबूल केलं. नाना आत उतरले, दिवा विझवला, डबा सोडला, सगळं पुन्हा झाकलं. बराच वेळ थांबून तार जोडली. मी देवाचं नाव घेत उभी.

टिक... टिक.

“वहिनी, मन्हा डोया जित्ता शे,” नाना म्हणाले. डोळा म्हणजे ती नळी; जळाली नव्हती, जिवंत होती. यंत्र त्यांनी माझ्या कानाला लावलं. मी रडले बाई.

नानांना हवं ते काम मिळालं. न्यूट्रिनो काही आमच्या विहिरीत आला नाही. पुढं शास्त्रज्ञांनी समुद्राच्या तळाशी असे हजारो डोळे सोडले, त्याचा फोटो मात्र नानांनी मुद्दाम आणून दाखवला. ही तुमच्या विहिरीची नातवंडं, म्हणाले. गावी आले की पाणी पिण्याआधी विहिरीत डोकावायचे आणि विचारायचे, “दिवा नही ना लावा, वहिनी?”

परवा दुपारी मी विहिरीच्या कोनाड्यात दिवा ठेवला. सवयीनं जरा थांबले... कुणी विचारलं नाही.

“लावलाय, नाना,” मीच म्हटलं. “बघा, दिसतो का.”