मर्टलफर्डचा टोमॅटो डे आणि खारट पास्ता

"टोमॅटो डेला येणार का?" ऑफिसमधल्या डॅनिएलाने विचारलं, तेव्हा मला वाटलं गावची जत्रा असेल. निघाला घरचा कार्यक्रम. तिचं सगळं खानदान मार्चच्या लाँग वीकेंडला मर्टलफर्डला आजीकडे जमतं आणि वर्षभराचा टोमॅटो सॉस बाटल्यांत भरतं. थोडक्यात आपलं उन्हाळी वाळवणच, फक्त इटालियन. माझा नवरा समीर यूट्यूबवर पास्ता शिकलेला, त्यामुळे तो माझ्याआधी तयार झाला.

आमच्या घरून, पॉइंट कुकहून, साधारण साडेतीन तास लागतात. ह्यूम फ्रीवे सरळ आणि कंटाळवाणा. वँगरॅटाला वळलं की डोळ्यांना काम मिळतं: डोंगर, द्राक्षमळे, तंबाखू सुकवायच्या जुन्या भट्ट्या. इथल्या बऱ्याच इटालियन घरांनी आधी तंबाखूच पिकवला. मोटेल आधी बुक करा, लाँग वीकेंडला दर चढतात आणि नाश्त्याच्या नावाखाली टीबॅग हातात पडते.

सकाळी पोहोचलो तर शेडमध्ये लगीनघाई. कुणी टोमॅटो कापतंय, कुणी मशीनमध्ये ढकलतंय, कुणी बियरच्या धुतलेल्या बाटल्यांत बेसिलचं एकेक पान टाकतंय. सॉसच्या टबाशी मात्र एकटी नोना, म्हणजे डॅनिएलाची आजी. कॅलाब्रियाहून नवरी म्हणून आलेली, आता ऐंशीच्या पुढची. मीठ फक्त तीच घालते, मुठीने, तिच्या आईने शिकवलं तसं. बाकी कुणी तिच्या मिठाच्या बरणीला हात लावत नाही.

दुपारच्या जेवणाला त्याच ताज्या सॉसचा पास्ता असतो. पाणी उकळत होतं. मदतीच्या उत्साहात समीरने त्यात भरपूर मीठ टाकलं.

"अरे, कुणाला विचारलंस तरी का?"

"अगं, यात काय विचारायचं? पास्त्याचं पाणी खारटच लागतं. बेसिक आहे!"

पहिल्या घासाला सगळ्यांनी पाण्याचे ग्लास उचलले. नोना तेवढी मजेत खात होती. डॅनिएला माझ्या कानाशी लागली. मागच्या वर्षीच्या आजारपणात नोनाची चव गेली. तेव्हापासून सॉसमध्ये मीठ जास्त पडतं, पण सांगणार कोण? म्हणून या घरात पास्त्याच्या पाण्यात मीठ घालणंच बंद झालं. "कळलं तर ती शेडमध्ये पाऊल ठेवणार नाही, मेट." समीर करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

नोनाने सगळ्यांचे ग्लास पाहिले आणि काटा खाली ठेवला.

"टू मच सॉल्ट?"

"नो, नो, मा!" तिचे मुलगे एकदम बोलले.

"डॅनिएला. यू टेल मी."

"येस, नोना. सिन्स लास्ट इयर."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. नोनाने ताट बाजूला सारलं. मग उठून दुपारच्या सॉसच्या टबाशी गेली, मिठाची बरणी डॅनिएलाच्या हातात दिली आणि शेजारी खुर्ची ओढून घेतली. डॅनिएलाची मूठ फार भरली की ती बोटावर चापट मारायची.

निघताना आम्हाला दोन बाटल्या मिळाल्या, सकाळच्या की दुपारच्या ते कुणी सांगितलं नाही. पुन्हा जाईन का? टोमॅटो कापायला नक्की, समीरला चुलीपासून लांब ठेवून.

पुढच्या रविवारी एक बाटली उघडली. जेवतोय तोवर डॅनिएलाचा फोन आला. मागून नोनाचा आवाज: "आस्क हर, हाऊ इज इट? द ट्रुथ!"

मी समीरकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले.

"सॉल्टी, नोना," मी म्हटलं.

पलीकडून ती खुशीत म्हणाली, "आह! दॅट वन इज माइन."