पाठवणी राहिलेला साहेब

नाव : ठमाबाई काशिराम मढवी. राहणार : रोडपाली, ता. पनवेल. वय : आधार कार्डाप्रमाणे एकाहत्तर. व्यवसाय : गृहिणी. घटना : अज्ञात इसमाने व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याची बतावणी करून अर्जदारास राहत्या घरी अडकवून ठेवले. कालावधी : दोन दिवस. आर्थिक नुकसान : निरंक.

यातला व्यवसाय चुकला आहे. ठमाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात ती देवांना आणि घरच्या मेलेल्या माणसांना धवल्यांतून, म्हणजे लग्नाच्या गाण्यांतून, नावानिशी बोलावते आणि कार्य उरकलं की नावानिशीच परत पाठवते. पाठवणी राहिली तर पाहुणा घरातच बसून राहतो, असं ती मानते. पन्नास वर्षांत तिच्या हातून एकही राहिला नव्हता. आलेल्या माणसाला परत पाठवण्यात सरकारी खात्यांचं यश याहून मोठं आहे, पण ती गात नाहीत.

त्या दिवशी मुलगा बळीराम, सून रंजिता आणि नात समृद्धी अलिबागला नवऱ्या मुलाचं घर बघायला गेले होते. फोनवर खाकीतला माणूस आला. नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, तुमच्यावर गुन्हा आहे म्हणाला. समोरून हलायचं नाही, आवाज काढायचा नाही, नाहीतर मुलाला उचलू. त्याला पासबुक हवं होतं. ते कपाटात, आणि कपाटाची किल्ली बळीरामच्या खिशात अलिबागला. साहेब म्हणाला, थांबतो.

दुसऱ्या संध्याकाळी बळीराम परतला तेव्हा आई पदर डोक्यावर घेऊन ताठ बसली होती. कपाटाजवळच्या कोपऱ्यात तांब्याला टेकवलेला फोन चार्जरवर. त्याच्यापुढे ताटलीत भात आणि तळलेला बोंबील, दोन्ही गार.

"आये, ह्ये काय?"

"हलू बोल. साहेब हाय. कामावरचा मानूस, उपाशी कसा ठेवू?"

बळीरामने फोन कट केला.

पुढे पोलिसांनी, बँकेने आणि ज्येष्ठांसाठी चहा-बिस्किटांसह भरलेल्या शिबिराने एकच सल्ला दिला : असा फोन आला की कट करा. सल्ला बरोबरच आहे. ठमाबाईचा घोर मात्र तिथूनच सुरू झाला.

"मी पाठवला नाय त्याला," ती म्हणाली. "तू मधीच दार लावलंस."

तेव्हापासून ती त्या खोलीत कुजबुजते. बळीरामने तो फोन विकून टाकला, पण कपाटाजवळची ती जागा विकता येईना. भाजीला निघाली की ती उंबऱ्यावर वळते आणि त्या कोपऱ्याला सांगते, "जाऊन येते, साहेब." उत्तराला लागेल इतका वेळ थांबते. मग जाते. दुपारी घरात कोणी नसताना रंजिताने स्वतःलाही एकदा तिथं पदर सावरताना पकडलं.

समृद्धीचं लग्न ठरलं. "आजी, माझे धवले तूच गायचे," ती म्हणाली. ठमाबाईने मान हलवली. कोणत्या दिशेने, ते कोणाला कळलं नाही.

"मी हाक मारली का सगले येतील," तिने रात्री सुनेला सांगितलं. "सासरे येतील, बळीरामचा बा येल. आनि त्यो तिथं बसलेला. त्याच्या बाजूला बसवू त्यांना?"

"मंग पाठवा ना त्याला, आई. तुमचं तं कामच हाय."

"नावाशिवाय?"

"नाव सांगितलं व्हतं ना त्यानं?"

"खोटं व्हतं. खोट्या नावानं कोन उठंल?"

म्हणून ती पोलीस ठाण्यात गेली. हवालदाराने खुर्ची दिली, हे नोंदवायला हवं.

"पैसे गेले का, आजी?"

"नाय."

"मग तक्रार काय?"

"त्याचं खरं नाव पायजे."

"कशाला?"

"घरी पाठवायचाय."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "नाव मिळालं तर आम्ही त्याला इथं आणणार आणि तुम्ही घरी पाठवणार. आपलं जमायचं नाही, आजी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्याची सात नावं सापडलीत. एकही त्याचं नाही."

ठमाबाईने सातही नावं विचारून घेतली. सात संध्याकाळी त्या कोपऱ्यासमोर बसून एकेक गायली. आठव्या दिवशी बाजाराला निघाली, उंबऱ्यावर वळली आणि म्हणाली, "जाऊन येते, साहेब."

अर्जावरचा शेवटचा शेरा असा : अर्जदार सुखरूप. दैनंदिन व्यवहार पूर्ववत. नुकसान निरंक. प्रकरण दप्तरी दाखल.

समृद्धीच्या लग्नात धवले मोबाइलवर लावले.