बाबांपुरती सूट

ऑफिसात तिला कुलूपताई म्हणत. तोंडावर कुणाची हिंमत नव्हती, पण पाठीमागे म्हणतात हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कंपनी अंध माणसांसाठी वाचून दाखवणारी यंत्रं बनवायची. पुस्तक धरा, बिल धरा, औषधाची बाटली धरा, यंत्र वाचून दाखवणार. त्या यंत्राच्या पोटातला कर्नल, म्हणजे बाकी सगळ्या प्रोग्रॅमांवर देखरेख करणारा मुकादम, हिच्या ताब्यात. हिने होय म्हटल्याशिवाय त्यात एक ओळ शिरत नसे. शिरेल कशी? रक्त कुणाचं होतं!

बाप बसचा तिकीट तपासनीस. एकदा बायको पास घरी विसरली, तर या गृहस्थाने आपल्या लग्नाच्या बायकोला भाजीच्या पिशव्यांसकट भर रस्त्यात बसमधून उतरवलं होतं. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट ऐकावीच लागे. आई होती तोवर तीच रंगवून सांगायची आणि शेवटी म्हणायची, "त्या रात्री चूल पेटवलीच नाही मी. बस म्हटलं उपाशी!" आता आई गेली होती, बाबांची नजरही गेली होती, आणि तपासनिसाची लेक कर्नलच्या दारात उभी राहून तिकिटं तपासत होती.

त्या वर्षी तिने मोठं काम हाती घेतलं. प्रोग्रॅम एका कामातून दुसऱ्या कामात शिरतो, तेव्हा परत कुठे यायचं तो पत्ता लिहून ठेवतो. चोर नेमका तोच पत्ता बदलतात आणि प्रोग्रॅमला भलतीकडे नेतात. नव्या प्रोसेसरमध्ये त्या पत्त्यावर गुप्त किल्लीने शिक्का मारायची सोय असते. परतताना शिक्का जुळला तर ठीक, नाहीतर प्रोग्रॅम जागच्या जागी खलास. यंत्रांत ही सोय होती, पण कुणी वापरत नव्हतं. तिने ती सगळ्यांसाठी चालू करायचं ठरवलं.

सगळं सुरळीत चाललं, अडलं एका आवाजाशी. यंत्रात वाचणारे तीन-चार आवाज होते, त्यातला सर्वांत जुना आवाज नाकातून बोलायचा, म्हणून त्याचं नाव 'नाकातला'. तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, त्याचा मूळ कोड कुणाकडे नव्हता. वेग मिळावा म्हणून तो परतीच्या पत्त्यांशी स्वतःच काहीतरी खेळ करायचा. शिक्का चालू केला रे केला की नाकातला तोंड उघडायच्या आत मरून पडे.

टीममध्ये एकजण होता, चाळिशीतच केस पांढरे झालेला, सदा उशिरा येणारा, तोंडाचा पट्टा अखंड चालू. सगळे त्याला काका म्हणत. त्याने तोड काढली. प्रोग्रॅमनेच कर्नलला विनंती करायची, 'माझ्यापुरती ही किल्ली बंद ठेव.' फक्त त्याच्यापुरती. बाकीच्यांचे शिक्के जिथल्या तिथे. त्याने तो पॅच, म्हणजे कोडला लावायचं ठिगळ, लिहूनही आणला.

मीटिंगमध्ये तिने तो पडद्यावर लावला आणि म्हणाली, "छान! उद्या चोरही अर्ज करेल, साहेब, माझ्यापुरतं दार उघडं ठेवा."

सगळे खो खो हसले. मोठे साहेबही हसले.

"जो घरात शिरून अर्ज करतोय, त्याला दार कशाला लागतंय?" काका म्हणाला. हसण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिला गेलं होतं. मुद्दा बिनतोड होता हेही तिला त्याच क्षणी कळलं होतं. पण हशा आपल्या बाजूला असताना माघार कोण घेतो?

"चार म्हाताऱ्यांच्या हट्टापायी मी भिंतीला भोक पाडणार नाही," ती म्हणाली आणि पुढच्या विषयाकडे वळली.

बदल घरोघरच्या यंत्रांत गेला. नाकातला मुका झाला आणि त्याच्या जागी नवा, गोड आवाज आपोआप आला.

मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की बाबांच्या यंत्रावर टॉवेल पडलाय. एरवी जेवतानाही कानातली वायर न काढणारा माणूस खिडकीशी नुसता बसून होता.

"बाबा, वाचत नाही हल्ली?"

"डोकं दुखतंय जरा."

"किती दिवस दुखतंय?"

बाबांना खोटं बोलता येत नसे. सगळा जन्म दुसऱ्यांचं खोटं पकडण्यात गेला होता. शेवटी ते म्हणाले, "माझ्या हातून बिघडलं गं काहीतरी. तुला सांगायची लाज वाटली. तू तिथे कामाला, आणि तुझ्याच बापाला यंत्र वापरता येईना."

तिने वायर स्वतःच्या कानात घातली. यंत्र तर ठणठणीत चालू होतं.

"चालतंय की, बाबा."

"चालतंय, पण हा कोण लाडे लाडे बोलतोय माझ्याशी? वेग वाढवला की नुसता गूळ पातळ होतो, अक्षर कळत नाही. माझा तो जुना कुठे गेला? नाकात बोलणारा?"

तिने वायर कानातून काढली. एका घरात राहून, हीच यंत्रं बनवून, बाप कुठला आवाज ऐकतो हे तिला माहीत नव्हतं. तिच्या कामात व्यत्यय नको म्हणून ते कायम कानाला लावून ऐकायचे आणि तिने कधी विचारलं नव्हतं. चार म्हाताऱ्यांतला एक खिडकीशी बसला होता.

आता इथे शहाण्या माणसाने काय करावं? दुसऱ्या दिवशी ऑफिसात जावं आणि म्हणावं, चुकले. ही बया काय करते? सुट्टीच्या दुपारी बाबा झोपले असताना काकाचा तोच नाकारलेला पॅच घेते आणि बाबांच्या यंत्रात घालते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

पॅच पहिल्या झटक्यात चालला. बाबा उठले, वायर कानाला लावली आणि लहान पोरासारखे हसले. "आला! आला माझा नाकातला! काय केलंस?"

"काही नाही, जरा दुरुस्त केलं," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. ओट्याशी उभं राहून तिने कान चोळले. कान तापले होते.

पण आनंद पोटात ठेवतील ते बाबा कसले? दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेल्यावर त्यांनी आधी कंपनीला फोन करून आभार मानले. मग गणिताच्या बाईंना फोन लावला. या बाई जन्मांध, शाळेत शिकवायच्या आणि नाकातल्यावरच मुलांच्या वह्या तपासायच्या. दोघांची फोनवरचीच मैत्री होती.

संध्याकाळी ती घरात शिरली तर बाबा खुर्चीत ताठ बसले होते. तिकिटं तपासायला बसमध्ये चढताना असायचे तसे.

"गणिताच्या बाईंचं यंत्र अजून तसंच आहे. नव्या आवाजात आकडे कळत नाहीत त्यांना. शाळेने अर्धे वर्ग काढून घेतले, उरलेलेही जातील म्हणतात. कंपनीने त्यांना सांगितलं, हे होणार नाही. मग माझं कसं झालं?"

"तुमचं मी वेगळं केलं, बाबा."

"वेगळं का? सगळ्यांचं का नाही?"

ती उभीच होती. पर्स खांद्यावरून काढायचंही तिला सुचलं नव्हतं. "सगळ्यांसाठी मीच नको म्हणाले होते."

बाबांनी वायर काढली आणि बोटांवर गुंडाळत राहिले.

"तुझ्या आईला बसमधून उतरवलं त्या गोष्टीला लोक हसतात. हसू देत. पण त्याच्या मागच्याच स्टॉपवर मी एका बाईला उतरवलं होतं. कडेवर मूल होतं तिच्या. ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. तिला उतरवल्यावर तुझ्या आईला कुठल्या तोंडाने बसू देणार होतो?" त्यांनी यंत्र तिच्याकडे सरकवलं. "काढून टाक."

"बाबा, थोडे दिवस थांबा, मी सगळ्यांचंच..."

"आत्ता काढ."

तिने स्वतःच्या हाताने काढलं. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि गोड आवाज म्हणाला, "या! आज काय वाचूया?" तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये ती उठून उभी राहिली. तिथे कुणी उभं राहून बोलत नसे, म्हणून सगळे वर बघायला लागले. तिने सांगितलं: काकांचा पॅच बरोबर होता, मी तो हसण्यावारी नेला, आणि इथे नकार देऊन घरी गुपचूप वडिलांच्या यंत्रात घातला. दाराबद्दल काका काय म्हणाले तेही मला तेव्हाच ऐकू आलं होतं.

साहेबांनी काकाकडे पाहिलं.

"मला माहीत आहे," काका म्हणाला. "तुमच्या बाबांचा फोन मीच घेतला. केवढे आशीर्वाद दिले त्यांनी!"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पॅच चालतो एवढं मला कळलं," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच पुढे काही बोलला नाही. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला परवडलं असतं.

पॅच काकाच्या नावाने कर्नलमध्ये गेला आणि नाकातला घरोघर बोलू लागला. आठवड्याभराने एका संध्याकाळी गणिताच्या बाईंचा फोन आला. बाबा बराच वेळ हसून बोलले आणि मग त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

"काय सांगू तुम्हाला, वर्ग मिळाले परत!" बाई म्हणाल्या. "बाबा सांगत होते, ऑफिसात सगळ्यांशी भांडून तुम्हीच हे आमच्यासाठी करवून घेतलंत. लेक असावी तर अशी!"

तिने मागे वळून पाहिलं. बाबांनी घाईघाईने वायर कानाला लावली होती आणि तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. जसे काही ऐकण्यात गर्क आहेत. यंत्राचा दिवा बंद होता. बायकोला जी सूट दिली नव्हती, ती त्या माणसाने लेकीला दिली होती, आणि जन्मात न जमलेलं खोटं त्यासाठी बोलला होता.

लाजेने तिचे डोळे भरून आले.

"बाई," ती म्हणाली, "बाबा तुमच्याशी खोटं बोललेत. थांबा, फोन ठेवू नका. खरं काय ते मी सांगते."