चामड्याचं की निळं

शिवणबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, हे फक्त त्यांच्या सुनेला माहीत होतं. सुई तीच ओवून द्यायची आणि रविवारचा अध्यायही तीच वाचून दाखवायची. बाई मशीन चालवत ऐकायच्या. बुधवारपासून शनिवारपर्यंत, अध्याय पाठ होईतो सुनेची सुटका नसे. रविवारी बाई चर्चच्या व्यासपीठावर चढायच्या, बायबल उघडायच्या, बरोबर जागी पान उलटायच्या आणि घडाघडा म्हणून मोकळ्या व्हायच्या. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. त्याआधी चोवीस वर्षं त्यांनी खरोखरच वाचलं होतं, हेही सांगायला हवं, नाहीतर बाईंवर अन्याय होईल.

"वाचन गेलं तर माझ्याजवळ राहिलं काय? लोकांच्या पँटी आखूड करणं!" असं त्या म्हणायच्या. पण सून एक तारखेपासून दिवसभराच्या नोकरीवर जाणार होती. मग अध्याय कोण वाचून दाखवणार? बाईंची झोप उडाली होती.

नेमकी तेव्हाच व्यासपीठावरच्या जुन्या बायबलची शिवण उसवली. नवं घ्यायचं तर एकदाच, चांगलं, असं ठरलं आणि निवडीसाठी तिघांना बसवलं: चर्चचे पाळक, निवृत्त मास्तर आणि शिवणबाई.

शनिवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत दुकानातून आलेले नमुने मांडले होते. चामडी बांधणीच्या, सोनेरी कडांच्या दोन प्रती, एक काळी, एक तांबडी. शेजारी निळ्या कापडी पुठ्ठ्याचं एक जाडजूड बायबल. भाषांतर कोणतं, ते आत पहिल्या पानावर बारीक छापलेलं होतं. पाळकांशिवाय ते कोणी वाचलं नाही.

बाईंनी आधी चामड्याची प्रत चाचपली. टाके पक्के, पान सपाट पडतं, बोटांना सगळं पसंत. पानावर मात्र नुसते करडे पट्टे.

"कागद फार पातळ आहे. मागची छपाई दिसते," पाळक म्हणाले.

"पातळ कागद म्हणजेच भारी माल," मास्तरांनी निकाल दिला.

मग बाईंनी निळं उघडलं. अक्षरं दिसत होती! मोठी, सुटी, ओळींमध्ये ऐसपैस जागा. हेच हवं होतं. पण मागायचं कोणत्या तोंडानं?

"हे मजबूत वाटतं," त्या जपून म्हणाल्या.

"मजबूत कशाला, बाई? त्यावर उभं राहायचंय का आपल्याला? शाळेतल्या गाईडसारखं दिसतंय ते," मास्तर म्हणाले.

बाईंनी निळं मिटून ठेवलं. आणखी बोलल्या असत्या तर पितळ उघडं पडलं असतं.

"वाचून बघू," पाळक म्हणाले आणि त्यांनी काळी प्रत बाईंपुढे ठेवली. "लग्नात वाचतो तो अध्याय."

बाईंचा जीव भांड्यात पडला. तो तर त्यांना झोपेतही येत होता. मास्तरांनी तांबडी प्रत घेतली आणि ओळीवर बोट ठेवून पडताळायला सुरुवात केली. बाई म्हणत गेल्या, न अडखळता, मध्ये एकदा पान उलटून.

"वा! एक अक्षर इकडचं तिकडे नाही," मास्तर खूश झाले. "याला म्हणतात जुनी भारदस्त भाषा. ठरलं, चामड्याचंच."

बाईंनी आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

बाईंच्या खांद्यावरून पाळक काळ्या प्रतीच्या पानाकडे बघत राहिले.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "ही दोन्ही नव्या भाषांतराची आहेत. तुम्ही म्हणालात ते जुनं."

मग ते मास्तरांकडे वळले.

"आणि मास्तर, तुम्ही तर बोट ठेवून बघत होता."

"उजेड कमी आहे इथे," मास्तर पुटपुटले. सकाळचे अकरा वाजले होते आणि खिडकी सताड उघडी होती.

बाईंनी काळी प्रत मिटली. "मला दिसत नाही, पाळकसाहेब. दोन वर्षं झाली. पाठ करून म्हणते. चर्चच्या सगळ्या मंडळीला फसवलं मी."

पाळकांनी निळं बायबल पुढे सरकवलं आणि भलताच एक अध्याय काढला. "हेही नवंच भाषांतर आहे. वाचा."

पाठ नसलेलं वाचायची सवयच गेली होती. बाई पानावर वाकल्या आणि एकेक शब्द वेचत निघाल्या. दोनदा अडखळल्या, तिसऱ्या ओळीत थांबल्या, पुन्हा निघाल्या.

"ओळ गाळलीत, बाई," पलीकडून मान लांब करून मास्तर म्हणाले. त्यांनाही दिसत होतं.

"कळलं! घेते परत," बाई खेकसल्या, आणि ओळ घेता घेता त्यांचे डोळे भरून आले. "असं अडखळत वाचू व्यासपीठावर? लोक काय म्हणतील?"

"अडखळा," पाळक म्हणाले. "मंडळी थांबेल."