एक मातीले, एक तोंडाले

आज सकाळी बकरी आमच्या परसात शिरली आणि आबांनी तिला हाकललं नाही.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले, "आबा, बकरी! दिसत नाही का?"

आबा नेहमीच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत. काठी मांडीवर. बकरी त्यांच्या पायाशी मेथी खात होती.

मी कणकेचे हात तसेच घेऊन धावले.

आबा, म्हणजे माझे सासरे, बसल्या जागीच गेले होते.

दुपारी सगळं आटोपलं. आता मागच्या पायरीवर बसून हे लिहितेय, कारण आज प्रत्येक जण विचारत होता. घरात तारेच्या जाळीचा गुंडाळा पडलेला असताना म्हातारा माणूस रोज उन्हात राखण का करायचा?

तर सांगते.

लग्न होऊन अमडापूरला आले तेव्हा आबांचं परस म्हणजे गल्लीतल्या पोरांचा रविवारचा अड्डा होता. प्रत्येकाला एक छोटा वाफा. ज्याचा वाफा त्यानेच पाणी द्यायचं.

आणि नियम तर विचारू नका. पाण्याच्या टाक्यावर झाकण, झाकणावर दगड. विळा उंच खुंटीला. फवारणीचं औषध घरी आणायचंच नाही, ते शेतातल्या खोलीत कुलपात. पोरं यायच्या आधी आबा स्वतः काठी आपटत एक फेरी मारायचे, साप-विंचवासाठी. चप्पल नसेल तर एंट्री नाही.

मी म्हणायचे, आबा, बँकेत जायला एवढं चेकिंग नसतं.

भुईमूग लावायच्या दिवशी मात्र पोरांची चैन. पोरं दाणे खाणारच, मग चोरून कशाला, हक्काने खाऊ दे, असं आबांचं म्हणणं.

"एक मातीले, एक तोंडाले."

एक दाणा लावला की एक खायचा. पोरं अगदी इमानदारीत करायची.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. कुंपण.

कुंपण चंद्रज्योतीचं होतं. आमच्या भागात घरोघरी असतं, कारण बकरी त्याला तोंड लावत नाही. मी मेहकरची, तोंडाची फटकळ. मी सांगितलं, त्याच्या बिया विषारी असतात, काढून टाका, जाळी लावू.

"बकरीले समजते ते पोराईले नाही समजत का?" आबा हसले. "तू काऊन भेतं?"

विषय संपला.

माझी ईश्वरी तेव्हा पहिलीत होती. एका दुपारी आबा जेवून आडवे झालेले, मी कपडे धूत होते, आणि ती परसात एकटीच खेळत होती.

संध्याकाळी तिला उलटी झाली. मला वाटलं, ऊन लागलं.

मग दुसरी. तिसरी. मग पोट धरून रडायला लागली, आणि थोड्या वेळाने रडायचीही थांबली. ते रडणं थांबलं तेव्हा मी खरी घाबरले.

माझ्या नवऱ्याने, संतोषने, मोटारसायकल काढली. आम्ही दोघं आणि मध्ये ती. चिखलीच्या दवाखान्यापर्यंत मी तिचं नाव घेत राहिले आणि ती नुसती हं म्हणत राहिली. नंतर तेही कमी झालं.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? आम्हाला माहीत नव्हतं.

तिच्या फ्रॉकच्या खिशात एक काळी बी निघाली. चंद्रज्योतीची.

"किती खाल्ल्या, बेटा?"

ईश्वरी डोळे मिटूनच म्हणाली, "जेवढ्या लावल्या तेवढ्या. मी चीटिंग नाही केली."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मला मात्र क्षणात कळलं. मी घरी फोन लावला.

"आबा, ईशूने कुंपणाच्या बिया लावल्यात वाफ्यात. उकरा. किती आहेत ते सांगा."

आबा तसेच परसात गेले. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, मग माती उकरल्याचा.

"दोन."

मग पुन्हा माती उकरल्याचा आवाज.

"चार... पाच."

"आबा, अजून?"

"थांब. पाहून राह्यलो."

मी देवाचं नाव घेत नव्हते. मी फक्त ती माती ऐकत होते.

"पाचच हायेत, बाई. पुरा वाफा हातानं चाळला." मग त्यांनी विचारलं, "म्हंजे पोटात बी पाच?"

मी हो म्हटलं. त्यांनी फोन बंद केला नाही. आबा रडत होते.

सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी पोरीने चहा-टोस्ट मागितला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

घरी आलो तर कुंपण नव्हतं. आबांनी सगळं मुळासकट उपटलं होतं. हाताला फोड आले होते.

संतोषने जाळी आणली. आबांनी लावू दिली नाही.

"जाळीले डोळे नसतात," म्हणाले, आणि खुर्ची टाकून बसले.

त्या दिवसापासून नियम बदलला. बी असो, पाला असो, फळ असो, तोंडात घालायच्या आधी आबांना दाखवायचं. पोरं समोर येऊन मूठ उघडायची. आबा चष्मा लावून साधा भुईमुगाचा दाणासुद्धा दोन्ही बाजूंनी बघायचे.

एकदा मी म्हटलं, आबा, झालं गेलं. पोरगी चांगली आहे आता.

"म्हणूनच बसतो," म्हणाले.

मी त्यांना केव्हाच माफ केलं होतं. त्यांनी स्वतःला केलं नाही.

हे लिहीत असतानाच ईश्वरी आली. आता मोठी झालीय, चौथीत आहे. रिकाम्या खुर्चीसमोर मूठ मिटून उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"मम्मी, वाफ्यात शेंग सापडली. आता कोणाले दाखवू?"

मी उठले. आबांच्या खुर्चीत जाऊन बसले.

"मले दाखव."

तिने मूठ उघडली. मी शेंग फोडून दाणा दोन्ही बाजूंनी पाहिला. भुईमूगच होता.

आबा, आता तुम्ही उठा. इथे मी बसलेय.