हजिऱ्याच्या गाळात थांबलेलं जहाज

बास्केट वर काढली तेव्हा तिची जाळी दिसतच नव्हती. करड्या चिखलाचा एक जाड थर, त्यात पिशव्यांच्या चिंध्या, मासेमारीच्या जाळ्यांचे निळे धागे आणि सडलेलं काहीतरी. वास नाकात बसला होता. माझा जोडीदार सावंत नाकाला बाही लावून म्हणाला, "काय सुरती, तुमच्या गावचं पाणी हे. तूच काढ."

मी काढत होतो. पहाटेपासून तेच करत होतो.

मी नौदलात इंजिनरूमचा सेलर होतो, पेटी ऑफिसर. सेलर म्हटलं की लोकांना तोफ, दुर्बीण आणि पांढरा युनिफॉर्म दिसतो. आमचं जग पाण्याच्या पातळीच्या खाली असतं. तिथे खिडकी नाही. चार तास वॉच, मग आठ तास सुट्टी, असं कागदावर असतं. त्या आठ तासांत दुरुस्ती, सफाई, ड्रिल आणि उरलं तर झोप. त्या वेळी आम्ही समुद्रातल्या तेलविहिरींभोवतीची लांबलचक गस्त संपवून आलो होतो. येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी थांबवायच्या, कागद बघायचे, सोडायच्या. आमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की इंजिन दिवसातून अनेकदा थांबवायचं आणि पुन्हा चालू करायचं. सगळे थकले होते.

बास्केटचं थोडं सांगतो. जहाजावर वीज बनवायला डिझेल जनरेटर असतात. ते तापतात. त्यांना गार ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, आणि त्या पाण्याबरोबर येणारा कचरा अडवायला वाटेत स्ट्रेनर असतो. स्ट्रेनर म्हणजे मोठी गाळणी. तिच्या आत जाळीची टोपली असते, तीच बास्केट. ती भरली की पाणी कमी येतं, इंजिन तापतं, आणि ठरावीक तापमानाला स्वतःहून बंद पडतं. त्याला आम्ही ट्रिप होणं म्हणतो. वीज गेली की जहाजावर सगळंच जातं. दिवे जातात, रेडिओ जातो, आगीचे पंपही जातात.

खुल्या समुद्रात बास्केट बरेच दिवस उघडावी लागत नाही. पण आम्ही हजिऱ्याला होतो. तापीच्या मुखाशी पाणी चहासारखं गढूळ, आणि भरती-ओहोटीचा फरक इतका मोठा की ओहोटीला जहाजाचं पोट गाळाच्या अगदी जवळ येतं. मालवाहू जहाजांच्या एका धक्क्यावर आम्हाला जागा मिळाली होती. तिथे किनाऱ्याची वीज आमच्या कामाची नव्हती, म्हणजे जनरेटर चालू ठेवणं भाग. आमचे तीन. एकाचा सुटा भाग मागवलेला होता, तो अजून यायचा होता. उरले दोन.

आणि त्या दिवशी जहाज लोकांना बघायला खुलं होतं.

सकाळी कॉलेजची मुलं, दुपारी कुटुंबं आणि शाळा. दुपारच्या बॅचमध्ये माझे आईवडील होते.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवण्याच्या मशीनवर काम करायचे. आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे. आप्पा आणि माय सुरतेला आले तेव्हा मला आत्याकडे गावी शाळेला ठेवलं. बारावीनंतर मी नौदलात लागलो आणि नोकरीतच दूरस्थ शिक्षणाने बी.ए. केलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. परीक्षेच्या वेळी माझे वॉच बदलून देणारे वरिष्ठ मला लाभले, ते उपकार मी विसरत नाही. पण नोकरीची सगळी वर्षं विशाखापट्टणमला गेली होती. माझ्या घरच्यांनी मी ज्यावर राहतो ते जहाज कधीच पाहिलं नव्हतं. आता ते त्यांच्या घरापासून एका बसच्या अंतरावर आलं होतं. मायने चाळीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

सकाळी उशिरा इंजिनियर साहेब खाली आले. ते केरळचे. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं, इथे मराठीत लिहितो.

"बोरसे, बास्केट किती वेळ टिकतेय?"

"पहाटे तासभर टिकत होती, सर. आता अर्ध्या तासातच भरते. पलीकडे टगबोट फिरतेय, ती गाळ ढवळते."

"वरच्या तोंडाने पाणी घेतोयस ना?"

"कालपासून, सर." जहाजाला पाणी घ्यायला दोन तोंडं असतात, एक तळाला आणि एक थोडं वर. गाळात वरचं वापरतात. ओहोटीला तेही गाळाजवळ येतं.

साहेबांनी टोपी काढून काखेत धरली. "दुपारच्या भरतीला आपण बाहेर पडू शकतो. ती गेली की पुढची भरती थेट रात्री. मधल्या वेळात जनरेटर गेले, तर लोक जहाजावर आणि आपण अंधारात. कॅप्टन साहेबांना मला उत्तर द्यायचंय. थांबायचं की निघायचं?"

सावंत हातातला पाना न थांबवता म्हणाला, "निघू या, सर. लोकांना फोटो पाठवू जहाजाचे."

साहेब माझ्याकडे बघत होते.

"सर, आधी एक सांगतो," मी म्हणालो. "दुपारच्या बॅचमध्ये माझे घरचे आहेत. मी थांबू म्हणालो तर त्यातलं निम्मंच खरं धरा."

ते हसले नाहीत. "बरं. ते निम्मं सांग."

"थांबता येईल. पण लोड कमी करावा लागेल. एसी बंद, किचनचे ओव्हन बंद, लॉन्ड्री बंद. दोन्ही जनरेटर थोड्याथोड्या भाराने चालवू. एक गेला तर दुसरा सगळं उचलेल. आणि स्ट्रेनरपाशी एक माणूस सतत."

"कोण?"

"मी आहे, सर."

"आणि तुझे घरचे?"

"ते जहाज बघायला येतायत, सर. जहाज असलं म्हणजे झालं."

साहेब वर गेले. भरती आली आणि गेली. आम्ही धक्क्यालाच होतो.

प्रत्येक स्ट्रेनरला दोन बास्केट असतात. एकीतून पाणी चालू ठेवायचं, तोवर दुसरी उघडून साफ करायची. व्हॉल्व्ह फिरवायचा, झाकणाचे नट सोडायचे, बास्केट उचलायची, पाण्याचा होस मारायचा, परत बसवायची. मग पलीकडची. मग दुसऱ्या जनरेटरची. एसी बंद असल्यामुळे खालचा उकाडा अंगावर ओल्या घोंगडीसारखा बसला होता. खांदे भरून आले होते. डोक्यावर पावलांचे आवाज सुरू झाले तेव्हा कळलं, दुपारची बॅच आली.

थोड्या वेळाने सावंत शिडीवरून वाकला. त्याला वर गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या फळीपाशी, ड्युटी लावली होती.

"सुरती, तुझी आई आलीय. सगळ्यांना विचारतेय, मुलगा कुठाय."

"सांग, कामात आहे."

"सांगितलं. म्हणते, मग आम्हाला त्याच्या कामापाशी न्या."

"इथे आणता येत नाही."

"तेही सांगितलं. आता ती तोफेजवळ मांडी घालून बसलीय. म्हणते, तो येईपर्यंत उठणार नाही. लोकांना तोफ दिसत नाही, तुझी आई दिसते."

साहेबांपर्यंत ते पोचलं असणार. त्यांनी सावंतलाच खाली पाठवलं. "दहा मिनिटं दिलीत," तो ओव्हरऑल चढवत म्हणाला. "आणि कपडे बदलायला जाऊ नकोस, त्यातच संपतील. जा."

मी तसाच वर गेलो. कोपरांपर्यंत चिखल, केसांत चिखल, पाठीला घामाने चिकटलेला निळा ओव्हरऑल. उन्हाने डोळे मिटले. उघडले तर समोर आमची अर्धी चाळ. बायका ठेवणीतल्या साड्यांत. घरी भिंतीवर माझा पांढऱ्या युनिफॉर्ममधला फोटो आहे, तो बघून सगळे आले होते.

माय माझ्याकडे बघून आप्पांना म्हणाली, "हाऊ कोन शे?"

"माय, मी."

ती उठली. जवळ आली आणि वासाने थांबली. आमच्या घरी अहिराणी बोलतात. ती हळूच म्हणाली, इतरांना ऐकू जाऊ नये अशी, "तुले गटार काढाले लायं का? इतला शिकीसन?" इतकं शिकून गटार काढायला लावलं का, असं.

शेजारचे भटूकाका मात्र मोठ्याने बोलणारे. "वहिनी, फोटोमातला पांढरा ड्रेस भाड्याना व्हता वाटस!"

सगळे हसले. मीही हसलो. मायच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. मी तिला सांगितलं, हे गटार नाही, खाली पाण्याची गाळणी आहे, ती साफ ठेवली नाही तर जहाजाची वीज जाते. तिने मान हलवली, पण नजर माझ्या हातांवर होती. मग पदराने वारा घेत म्हणाली, "इतलं मोठं जहाज, नि जरा गार हवा नही."

एसी मीच बंद करायला सांगितलाय, असं मी म्हणालो.

"काब्र? आम्ही उनूत म्हनीसन?"

आम्ही आलो म्हणून का, असं तिचं विचारणं. तसं बघितलं तर खरंच होतं.

आप्पा माझ्याजवळ सरकले. त्यांनी माझ्या बाहीवरचा चिखल बोटाने काढून रेलिंगला पुसला आणि विचारलं, "खाले मशीन चालू शे?"

"हो."

"मंग आठे काय करी राहिना? जाय."

दहा मिनिटं झाली नसतील. मी खाली गेलो.

सावंत बास्केट धुऊन बसवत होता. "बरं झालं आलास. हे बघ." त्याने नंबर दोन जनरेटरच्या मीटरकडे हनुवटीने खूण केली. तापमान चढत होतं.

"बास्केट भरली?"

"आत्ता धुतली. दोन्ही स्वच्छ आहेत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गाळणी स्वच्छ असून इंजिन तापतंय, म्हणजे बारीक गाळ जाळीतून आरपार जाऊन पुढे कूलरच्या नळ्यांत बसलाय. इंजिनची उष्णता पाण्यात सोडायचं यंत्र म्हणजे कूलर. तो साफ करायचा तर जनरेटर थांबवून सगळं खोलावं लागतं. मी सकाळी हिशेब जाळीत अडकणाऱ्या कचऱ्याचा धरला होता, आरपार जाणाऱ्या गाळाचा नाही. दिवसभर बास्केट धूत राहिलो आणि चिखल त्यांच्यातून वाट काढत पुढे गेला.

मी साहेबांना फोन लावला. "सर, नंबर दोन बंद करावा लागेल. आपण होऊन केला तर दिवे जाणार नाहीत. ट्रिप झाला तर सांगता येत नाही."

"नंबर एक?"

"अजून ठीक आहे. तो रात्रीपर्यंत ओढेल."

"अजून, म्हणजे? खात्री?"

"निम्मी, सर."

पलीकडून साहेब म्हणाले, "कर बंद. आता बदली जनरेटर नाही. मी लोकांना उतरवतो."

आम्ही सगळा लोड एकावर घेतला आणि दुसरा थांबवला. दिवे लुकलुकलेही नाहीत. वर स्पीकरवर घोषणा झाली, जहाज पाहण्याची वेळ संपली आहे, कृपया गँगवेकडे या. माझे घरचे तोवर उतरून बसकडे गेले होते.

नंबर एकवर सावंतला बसवून मी मिनिटभर हवेला वर आलो. गँगवेच्या खाली, धक्क्यावर, शाळेची मुलं उन्हात रांगेत उभी होती. निळे-पांढरे गणवेश, प्रत्येकाच्या गळ्यात पाण्याची बाटली. पांडेसऱ्याची महापालिकेची मराठी शाळा. त्यांचे सर पहाऱ्यावरच्या जवानाशी हिंदीत बोलत होते.

"आम्ही तासभर उभे आहोत. निदान वर तरी नुसतं फिरवून आणा. ही मुलं परत कधी येणार?"

"ऑर्डर आहे, सर. एक जनरेटर बंद पडलाय."

"मग जहाज पुन्हा कधी येईल?"

"ते आम्हाला कळत नाही, सर."

सरांनी मुलांना मराठीत सांगितलं, "चला, आता बाहेरून बघून घ्या. तोफ दिसली ना सगळ्यांना?" काही मुलं हो म्हणाली. एका मुलीने विचारलं, "सर, आतून तोफेत काय असतं?" रांग वळली आणि बसकडे गेली. कुटुंबांच्या पासला वेगळी रांग होती, ती आधी वर सोडली होती. म्हणून माझे घरचे चढले आणि ही मुलं राहिली. दुपारच्या भरतीला निघालो असतो, तर शाळेला सकाळीच फोन गेला असता आणि ही मुलं वर्गात बसली असती.

नंबर एकने रात्रीची भरती येईपर्यंत ओढलं. आम्ही बाहेर पडलो. खोल पाण्यात गेल्यावर कूलर उघडला, तेव्हा त्यातून बादल्या भरून गाळ निघाला. साहेबांनी तो बघितला. "तुझा सल्ला वाईट नव्हता, बोरसे," एवढंच म्हणाले. ते माझ्या बाजूने बोलत होते की स्वतःच्या, मला कळलं नाही. माझा सल्ला त्यांनीच कॅप्टन साहेबांना कळवला होता.

आता मी निवृत्त आहे आणि सुरतेजवळ इच्छापोरच्या एका कारखान्यात पंप आणि बॉयलर बघतो. तिथेही कधीकधी असं होतं. मशीन थांबवायचं की चालवायचं, साहेब विचारतात, आणि नेमकं त्या दिवशी माझं काही तरी त्यात अडकलेलं असतं. त्या दिवशी हजिऱ्याला मी माझा स्वार्थ आधीच सांगितला होता. वाटलं, सांगितला म्हणजे तो हिशेबातून वजा झाला. तो तसा होत नाही. सांगून झाल्यावरही जे सोयीचं तेच आधी दिसतं आणि जाळीतून जाणारा गाळ दिसत नाही. म्हणून अशा वेळी मी आता मतच देत नाही. सरळ सांगतो, साहेब, ज्याचं कोणी रांगेत उभं नाही त्याला विचारा.