पऱ्हाटीत उतरलेला पंजा

रहेमान मिस्त्री बोरी अरबच्या जिनिंगमध्ये रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं, दुरुस्त करायचे. त्यांची मुलगी गझाला शाळेतून आली की त्यांचा डबा घेऊन जायची, आणि डबा हातात तसाच धरून रेच्यासमोर उभी राहायची. चामड्याचा रूळ फिरतो, रुई ओढून नेतो, सुरी सरकीला अडवते, सरकी खाली पडते. पाढे पाठ व्हायच्या आधी तिला हे पाठ झालं होतं.

"अब्बा, सरकी फुटत काहून नाही?"

"फुटते ना. रूळ जास्त दाबला का फुटते. मंग मालक मले दाबते. दे तो डबा."

पुढे कापसाचे वाईट दिवस आले. जिनिंग हंगामाच्या मध्येच बंद पडू लागली. रहेमान यवतमाळच्या लोहारा भागात एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागले. गझाला मात्र शिकत राहिली आणि नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पोचली. तिथे स्वानंद सर यंत्रमानवांवर संशोधन करीत. तिने त्यांच्याकडे विषय मागितला: कापूस वेचणारा यांत्रिक हात.

"या हंगामाची वेचणी संपायच्या आत उभ्या झाडावरून स्वच्छ कापूस काढून दाखवा," सर म्हणाले. "नाही जमलं तर विषय बंद, संशोधनाची जागाही दुसऱ्याला."

तिने पंजा बनवला. चामडं लावलेली दोन बोटं, घट्ट पकड, सरळ ओढ. प्रयोगशाळेत टेबलावर घट्ट खोचलेली, पाला काढलेली बोंडं त्याने झटपट रिकामी केली. मग ती पंजा घेऊन बोरीला आली, उकंडा नावाच्या शेतकऱ्याच्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकात. तिथे पंज्याने बोंड देठासकट तोडलं आणि वाळका पाला चुरून पांढऱ्या कापसात मिसळला.

वेचणाऱ्या बायांत मानीबाई सगळ्यांत जुनी. ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काय वं पोरी, हे वेचून राह्यलं का उपटून राह्यलं?"

बाया हसल्या. गझालाला चूक कळली. तिने हात नव्हे, रेचा बनवला होता. रेच्यात येणारा कापूस आधीच सुटा झालेला असतो. त्याला नुसतं ओढलं तरी चालतं. झाडावरचा कापूस बोंडाच्या खणाखणांत रुतलेला असतो. आणि तिने जन्मात कधी कापूस वेचला नव्हता. मिस्त्रीची पोर शेतात जात नाही, याचा घरात अभिमान होता.

"मावशी, तुम्ही नेमका कसा काढता?"

मानीबाईने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "मले काय माहीत? हात जाते अन् कापूस येते. इचारलं का हातच थांबून जाते."

तेव्हा गझालाने स्वतः कमरेला वेचलेला कापूस टाकायची ओटी बांधली. सकाळी दव असताना पाला मऊ असतो, म्हणून बाया लवकर सुरू करत. तीही करू लागली. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलली. पाठ सरळ होईना. पहिल्या दिवशी मानीबाईने तिची ओटी उलटी केली.

"हा कापूस हाये का चहापत्ती?"

तिच्या ओटीतला पाला रोज कमी होत गेला. हात सरावल्यावर तिने तो मुद्दाम सावकाश चालवला आणि नीट पाहिला. बोटं आधी पकडतच नाहीत. ती बोंडात उतरतात, एकेक खण सैल करतात, किंचित वळतात, आणि मग ओढतात. अंगठा बोंड खालून धरून ठेवतो.

तिने नवा पंजा आखला: पाच बारीक बोटं, टोकांना मऊ रबर. रहेमान सुट्टीच्या दिवशी लेथवर सांधे कातून देत. बोटं मोडली, पुन्हा केली, पुन्हा मोडली.

"रेचा एवढे नखरे नाही करत, बेटा."

"रेच्याले झाडावर नाही चढा लागत, अब्बा."

शेवटच्या वेचणीला स्वानंद सर आले. तिवईवर बसवलेला पंजा बोंडाशी गेला, थबकला, बोटं आत उतरली, वळली. कापूस सुटून आला. बोंड देठावरच राहिलं, पानही हललं नाही. सरांनी कापूस चिमटीने उकलला, उन्हाकडे धरून पाला शोधला. सापडला नाही.

"एक झालं," मानीबाई म्हणाली. "तवरिक माही ओटी भरली."

"अजून शिकून राह्यला, मावशी."

"शिकू दे बापा. पण माही मजुरी खाऊ नको म्हणा त्याले."

गझालाला यावर हसता आलं नाही. "त्याचाही इचार करा लागते," ती म्हणाली.

"विषय तुमचाच," सर म्हणाले. "आता वेग वाढवा. हे फार सावकाश आहे."

ओळीत अजून बोंडं होती. गझालाने पंज्याची तिवई उचलली आणि पुढच्या झाडाशी नेऊन ठेवली.